रश्श्यात काय राहिलं?

फ्रीमाँट
१७ ऑक्टोबर २००६

ती. बाबांना,
जयभीम.

तुमचं पत्र काल मिळालं. पत्र कसलं, तपासणीचा अहवालच. 'प्रयोग पहिला, मंगळवार. वांगी पाव किलो, टोमॅटो चार, कांदे दोन. कृती तुझ्या कागदाप्रमाणे. निकाल: मूळ नमुन्याशी जुळत नाही. एक जिन्नस लिहायचा राहिला असावा. कळवणे.' कारखान्यातून रिटायर होऊन तीन वर्षं झाली, तरी एकतीस वर्षांची तपासनिसाची नोकरी काही अंगातून जात नाही तुमच्या. अनुपला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, "मित्रा, तुझा रस्सा रिजेक्ट झाला यार!"

तर कळवते. काहीही राहिलेलं नाही. तुमच्याकडचे टोमॅटो आंबट असतील, चिमूटभर गूळ घाला. कांदा आणखी परता, पार तपकिरी होऊ द्या. घाई करू नका. इथे साडेपाच महिने तुम्ही माझ्या मागे उभे राहून "झालं का, झालं का" करत होतात, तसं स्वतःच्या मागे उभे राहू नका.

खरं म्हणजे मला रश्श्यापेक्षा दुसरंच विचारायचंय. जेवता ना? सुमित्रामावशी डबा पाठवते, तो उघडता, की तसाच परत जातो? गेल्या नोव्हेंबरात आई गेली आणि एप्रिलमध्ये तुम्ही इथे उतरलात, तेव्हा एअरपोर्टवर मी तुम्हाला ओळखलंच नव्हतं. सदरा तेवढा चालत येतोय असं वाटलं. परत जाताना सात किलो वाढवून पाठवलंय मी तुम्हाला. ते सात किलो माझे आहेत, जपून ठेवा.

फोन करत नाही. कानाचं यंत्र तुम्ही कपाटात ठेवता आणि मी इकडून ओरडते, त्यापेक्षा पत्रं बरी. मैत्री म्हणतेय, "टेल आजोबा आय लॉस्ट अ टूथ." सांगितलं.

तुमची,
मित्रा


१८ ऑक्टोबर २००६
(टाकलं नाही)

बाबा,

एक जिन्नस राहिलाय. वाइन.

हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून लिहितेय. जेवणाची सुट्टी संपायला वीस मिनिटं आहेत, मग पुन्हा लॅबमध्ये लोकांच्या रक्ताचे नमुने. हे पत्र टाकणार नाही हे मला पहिल्या ओळीपासून माहीत आहे. पण कुठेतरी लिहायला हवं, नाहीतर माझ्याही गळ्याखाली घास उतरायचा नाही.

शेजारच्या इटालियन आजीबाई तुम्हाला आठवतात ना? तुम्ही रोज सकाळी त्यांना हात जोडायचात आणि त्याही जोडायच्या. दोन हजार दोनमध्ये अनुपची नोकरी गेली, मैत्री वर्षाची होती, व्हिसाचं काय होणार कळत नव्हतं. तुम्हाला तेव्हा आम्ही 'सगळं ठीक' कळवत होतो. त्या दिवसांत मला अन्न नकोसं झालं होतं. आजीबाई एक दिवस पातेलं आणि बाटली घेऊन आल्या. म्हणाल्या, "ही पाहुण्यांची बाटली नाही हं, ही रोजच्या जेवणाची." स्वस्तातली इटालियन लाल वाइन. तीन जातींची द्राक्षं एकत्र केलेली: एक आंबटपणाला, एक रंगाला, एक मऊपणाला. महागडी बाटली स्वतःकडे बघायला लावते आणि ही मुकाट्यानं जेवायला लावते, असं त्यांचं म्हणणं. अर्धी त्यांनी टोमॅटोच्या पातेल्यात ओतली, उरलेली छोट्या काचेच्या पेल्यांत. मी जेवले, बाबा. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

तेव्हापासून ती आमच्या घरात आहे. रोज रात्रीच्या जेवणाबरोबर अर्धा पेला मी, अर्धा अनुप. त्याच्यावर कधी गेलो नाही. तुम्ही येणार म्हटल्यावर बाटल्या गॅरेजमध्ये वॉशिंग मशीनच्या मागे ठेवल्या आणि पिणं बंद केलं. एवढंच करायचं ठरवलं होतं. शपथेवर सांगते, एवढंच.

पण तुम्ही जेवेनात. पहिले चार दिवस रोज ताट पुढे ओढलंत, दोन घास घेतलेत आणि ताट बाजूला सारलंत. "पोट भरलं," म्हणायचात. मी बाथरूममध्ये जाऊन रडायचे. पाचव्या दिवशी तुम्ही फिरायला गेला होतात, रस्सा गॅसवर होता आणि मी गॅरेजमध्ये गेले. एक कप ओतली. तुम्ही आलात, चपला काढता काढता म्हणालात, "आज कशाचा वास येतोय?" आणि दोन भाकरी खाल्ल्यात. दुसऱ्या दिवशी मी साधा रस्सा केला, खात्री करायला. तुम्ही ताट सारलंत. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोज घातली.

रोज, बाबा. रविवारीसुद्धा. रविवारी तुम्ही हॉलमध्ये मेणबत्त्या लावून वंदना घ्यायचात. मैत्री तुमच्या मागून एकेक शील म्हणायची, पाचवं ती सगळ्यात मोठ्यानं म्हणायची, कारण मग जेवण. मादक पदार्थापासून दूर राहीन. मी फरशीकडे बघत राहायचे.

मला माहीत आहे हे शील तुमच्यासाठी काय आहे. रेल्वेच्या यार्डात कोळसा ओढून आजोबा रोज रात्री झिंगून यायचे. छप्पन साली अकरा वर्षांचे तुम्ही त्यांचा हात धरून दीक्षेला उभे राहिलात, घरी आल्यावर त्यांनी दारूचा हंडा गटारात उलटा केला आणि आजीच्या हातातल्या बांगड्या फुटायच्या थांबल्या. तुमच्या घरात माणसं माणसासारखी जगायला लागली ती त्या दिवसापासून. पन्नास वर्षांत तुम्ही खोकल्याचं औषधसुद्धा बाटलीवरचं वाचल्याशिवाय घेतलं नाहीत. आणि मी तुम्हाला साडेपाच महिने जेवू घातलं ते असं.

सुट्टी संपली.


२ डिसेंबर २००६

ती. बाबांना,
जयभीम.

प्रयोग दुसरा आणि तिसरा वाचला. गुळानं रस्सा गोड झाला, म्हणून मला दोन मार्क कमी. कढई बदलून पाहिलीत, वांग्याची जात बदलून पाहिलीत. उद्या तुम्ही गॅसची शेगडी कंपनीला परत कराल.

मी विचार केला, फरक टोमॅटोचा असणार. मी डब्यातले वापरते ना. अनुपच्या ऑफिसमधला देवदत्त नागपूरचाच आहे, तो पंधरा तारखेला निघतोय. त्याच्याबरोबर सहा डबे पाठवतेय.

मावशीचं पत्र आलं. "तुझे बाबा काही खाऊन नाही राहिले गं," असं लिहिलंय. चहात बुडवून एक टोस्ट सकाळी आणि एक संध्याकाळी, बस. हे तुमच्या अहवालात का नाही? तपासनीसच माल लपवायला लागला तर कसं व्हायचं?

बाबा, जेवा हो. आईसाठी म्हणत नाही, ती गेली. माझ्यासाठी जेवा.

तुमची,
मित्रा


२९ जानेवारी २००७
(टाकलं नाही)

बाबा,

सहाही डबे वापरून झाले, निकाल तोच. आणि खाली तुम्ही लिहिलंय: 'तू काही लपवतेस असं मला वाटत नाही. तुझी आई म्हणायची, मित्राला खोटं बोलता येत नाही. दोष माझ्याच जिभेचा असावा. यापुढे प्रयोग बंद करतो.'

हे वाचून मी कागद उपडा ठेवला आणि भांडी घासली. घासलेलीच पुन्हा घासली.

मावशी लिहिते, दवाखान्यात वजन केलं, पंचेचाळीस. माझे सात किलो गेले आणि वर एक. डॉक्टर म्हणतात, आजार काही नाही, जेवायला पाहिजे. जेवायला पाहिजे हे सांगायला डॉक्टर कशाला हवा!

काल अनुप म्हणाला, "सांगून टाक ना यार. फार फार तर रागावतील." अनुप चांगला माणूस आहे, पण त्याच्या घरी कुणी हंडा गटारात उलटा केलेला नाही. तुम्ही रागावलात तर मी सहन करीन. पण तुम्ही रागावणार नाही. तुम्ही गप्प बसाल, साडेपाच महिन्यांतल्या चोवीस रविवारांची मनात मोजणी कराल आणि मग जे दोन टोस्ट खाता तेही सोडाल.

म्हणून आज, सोमवारी, सुट्टी घेऊन मी एक काम केलंय. दोन मोठ्या बाटल्या पातेल्यात ओतून सकाळपासून मंद आचेवर ठेवल्या. दुपारपर्यंत चिंचेच्या चटणीइतकं दाट झालं. आजीबाई वास घेत आल्या, पातेल्यात डोकावल्या आणि कपाळाला हात लावला. "बाई गं, ही जेवताना प्यायची आहे. तू तिचं काय हे करून ठेवलंस?" मी म्हटलं, माझ्या वडिलांसाठी. त्या म्हणाल्या, "मग त्यांना पेल्यात दे की, माझे वडील नव्वदाव्या वर्षापर्यंत रोज घ्यायचे." त्यांच्या घरात बाटलीला कुणी घाबरत नाही. मला त्यांचा हेवा वाटतो. मला वाटायचं, मीही तशीच झालेय, माझ्या टेबलावर ती नुसती जेवणातली एक वस्तू आहे. तसं असतं तर ती मी वॉशिंग मशीनच्या मागे कशाला ठेवली असती?

इतकं उकळल्यावर त्यात अल्कोहोल राहत नाही. मी लॅबमधली बाई आहे, मला कळतं. दिवसभर मी हेच स्वतःला सांगत ढवळत होते.

बरणीवर चिठ्ठी लावली: 'टोमॅटोचा अर्क. एका वेळेला एक चमचा.' उद्या देवदत्तची बायको सुलेखा निघतेय.


२० मार्च २००७

ती. बाबांना,
जयभीम.

तुमच्या पोस्टकार्डावर एकच शब्द! 'जुळले.' आयुष्यात इतकं सुंदर पत्र मला कुणी लिहिलं नसेल. अनुपनं ते फ्रिजवर लावलंय.

आणि मावशीचंही आलं. दोन्ही वेळा जेवता म्हणे, परवा तिच्याकडे जाऊन भाकर मागून घेतलीत, आणि वजन एकोणपन्नास. तुम्ही आपल्या हातानं रस्सा करून शेजारच्या वसुधाकाकूंनाही वाटी पाठवलीत. शंकरराव वानखेडे स्वयंपाक करून लोकांना वाढतात, हे आईनं बघायला हवं होतं. तिनं तुम्हाला दूधसुद्धा कधी तापवू दिलं नाही.

बरणी संपत आली लिहिलंत, दुसरी पाठवतेय, मोठी. अर्क कुठल्या दुकानात मिळतो विचारलंत. दुकानात मिळत नाही, मी घरी करते. कृती किचकट आहे, तुम्ही त्यात पडू नका. तुम्ही फक्त जेवा.

मैत्रीला तुमची वंदना पाठ झाली आहे. काल बाथटबमध्ये बसून म्हणत होती.

तुमची,
मित्रा


२२ मे २००७
(टाकलं नाही)

बाबा,

तुमचं चार पानांचं पत्र आलं. इतकं मोठं पत्र मी लग्न होऊन इथे आले तेव्हासुद्धा तुम्ही लिहिलं नव्हतं.

बुद्धपौर्णिमेला विहारात सत्तर माणसांचं जेवण होतं. रस्सा तुम्ही केलात. मोठी बरणी अख्खी घातलीत, 'दानात हात आखडायचा नसतो' म्हणून. सकाळी पंचशील तुम्ही दिलंत, सत्तर माणसांनी तुमच्या मागून म्हटलं, आणि मग तुम्ही पंगतीत फिरून वाढलंत. भंतेजींनी दोनदा मागून घेतला. वस्तीतल्या ज्या तिघांची दारू तुम्ही सोडवलीत, रोज संध्याकाळी गुत्त्याच्या तोंडाशी उभं राहून ज्यांना घरी आणलंत, ते तिघं पहिल्या पंगतीत होते. बायकांनी कृती विचारली. तुम्ही म्हणालात, 'माझी मुलगी अमेरिकेतून अर्क पाठवते.' खाली लिहिलंय, 'आज तुझी आई गेल्यापासून पहिल्यांदा बरं वाटलं.'

मी ते पत्र अनुपला दिलं. त्यानं वाचलं, घडी घातली आणि विचारलं, "व्हॉट हॅव यू डन, मित्रा?" तो माझ्याशी एरवी मराठीत बोलतो.

मी काय केलं सांगू? मी तुम्हाला जगवायला गेले आणि तुमच्या हातून सत्तर माणसांना वाढून घेतलं. तुमचं पाचवं शील मी मोडलं, त्यासाठी माझं चौथं, खोटं न बोलण्याचं, रोज मोडलं. आता त्या सत्तरांचंही मोडलं. आणि तुम्हाला बरं वाटलं.

आता पुढच्या पौर्णिमेलाही तुम्ही बरणी मागणार. मी हे आणखी नाही करू शकत.


२७ मे २००७

ती. बाबांना,
जयभीम.

हे पत्र बसून वाचा. मावशीला समोर बसवलंत तर बरं.

अर्क टोमॅटोचा नाही. ती वाइन आहे, द्राक्षांची दारू, आटवलेली. इथे होतात तेव्हाही रश्श्यात तीच होती. पाचव्या दिवशी पहिल्यांदा आणि सातव्यापासून तुम्ही निघालात त्या दिवसापर्यंत, रोज. तुम्ही विचारत होतात तो राहिलेला जिन्नस हा. मी जाणूनबुजून घातली आणि जाणूनबुजून लपवली. अनुपनं घातली नाही, त्याला माहीत होतं एवढाच त्याचा दोष. शिजवल्यावर आणि आटवल्यावर अल्कोहोल जवळपास सगळं उडून जातं, राहिलंच तर शेकड्याला एखादा अंश.

घरात ती होती कारण आम्ही घेतो. रोज जेवताना अर्धा पेला, पाच वर्षं झाली. तेही तुमच्यापासून लपवलं.

तुम्ही जेवत नव्हतात, बाबा.

मित्रा


१२ ऑगस्ट २००७

ती. बाबांना,
जयभीम.

अकरा आठवडे झाले, तुमचं काही नाही. आधी रोज पेटी उघडत होते, आता मैत्रीला पाठवते, "गो चेक." ती रिकामे हात दाखवत येते.

मावशीनं कळवलं. पत्र मिळालं त्याच रविवारी तुम्ही विहारात उभे राहिलात आणि म्हणालात, 'पौर्णिमेच्या जेवणात माझ्या हातून तुम्हाला दारू वाढली गेली. चूक माझी आहे, मी तपासलं नाही.' माझं नाव घेतलं नाहीत. मग सगळ्यात मागच्या सतरंजीवर, कालच आलेल्या पोरांच्या रांगेत बसून तुम्ही पंचशील नव्यानं घेतलंत. आता तुम्ही ते कुणाला देत नाही. लोक म्हणाले, शंकरराव, तुम्हाला कुठे माहीत होतं. तुम्ही म्हणालात, माहीत करून घेणं हेच माझं काम होतं.

माझं नाव घ्यायला हवं होतं, बाबा. तेवढं तरी माझ्याकडे राहू द्यायचं.

मावशी असंही लिहिते की टोस्टही आता एकच, तोही अर्धा. आणि डॉक्टर म्हणाले की असंच चाललं तर दिवाळीनंतरचं सांगता येत नाही. मावशीनं मला शिव्या दिल्या आहेत. तिच्या जागी मी असते तर आणखी दिल्या असत्या.

घरातल्या बाटल्या मी सिंकमध्ये ओतल्या. हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये. ओतताना मला आजोबांसारखं काही वाटलं नाही, नुसता ड्रेनला रंग लागला. त्यांनी ओतली तेव्हा घर उभं राहिलं. माझं ओतून झाल्यावर मी कट्टा पुसला आणि कामावर गेले.

रागवा. शिव्या द्या. एक ओळ लिहा.

मित्रा


४ नोव्हेंबर २००७

ती. बाबांना,
जयभीम.

तुमचं पत्र येऊन नऊ दिवस झाले. अक्षर इतकं थरथरलेलं आहे की मला दोनदा वाचावं लागलं. आता तोंडपाठ आहे.

'शेकडा प्रमाण मी विचारलेलं नाही. मी जेवत नव्हतो हे खरं. पण ते न जेवणं माझं होतं. मला विचारलं असतंस तर मी नको म्हणालो असतो आणि उपाशी राहिलो असतो, आणि तो उपासही माझाच असता. तू मला न विचारता तो काढून घेतलास. माझ्या बापानं मला एकच गोष्ट दिली, की आपण काय तोंडात घालायचं ते आपण ठरवायचं.'

हे सगळं खरं आहे.

आणि मग शेवटी तुम्ही लिहिलंय: 'एकच विचारतो. उद्या मी पुन्हा तुझ्यासमोर बसलो आणि ताट सारलं, तर पुन्हा घालशील का? नाही म्हणून लिहिलंस तर डिसेंबरात ये. तुझ्या हातचा साधा वरण-भात मी जेवेन, चव लागो न लागो, पोट भरेपर्यंत जेवेन. तू लिहिशील ते मी खरं मानीन. तपासणार नाही.'

अनुपनं हे वाचलं आणि लगेच लॅपटॉप उघडून तिकिटं बघायला बसला. "नाही लिही आणि आपण जाऊ. सिंपल आहे, यार." मावशीचा फोन आला. ती ओरडतच होती, "अगं, दोन अक्षरं लिही आणि ये! माणूस जाऊन राहिला इथं, आणि तू विचार कसला करून राहिली?" खरंच, दोनच अक्षरं. मी ती लिहिली. तीन कागदांवर तीन वेळा लिहिली. एकदा तर पाकीट बंद करून तिकीटही लावलं.

पण तुम्ही तपासणार नाही म्हणालात, म्हणून मलाच तपासावं लागलं. मी डोळे मिटून बसले. नागपूरचा आपला ओटा समोर आणला, तुम्हाला पाटावर बसवलं, वरण-भात वाढला. तुम्ही दोन घास घेतलेत. तिसरा घेताना तुमचा हात थांबला आणि ताट हळूच पुढे सरकलं. तुम्ही म्हणालात, "पोट भरलं." माझ्या डोळ्यांसमोर तुमचं मनगट होतं. मी उठले, बाबा. प्रत्येक वेळी उठले. वाइन नाही तर दुसरं काहीतरी, जे तुम्हाला चालणार नाही पण तुमच्या गळ्याखाली उतरेल असं काहीतरी, मी शोधायला निघाले. नऊ दिवस मी हे करून पाहतेय आणि एकदाही मला त्या ताटासमोर गप्प बसता आलेलं नाही.

तुम्हाला खोटं लिहून मी तुमच्याजवळ येऊ शकते, हे मला कळतंय. तुम्ही जेवालही. चार महिने, सहा महिने, कदाचित वर्षं. आणि प्रत्येक घास तुम्ही माझ्या शब्दावर खाल. तो शब्द पुन्हा खोटा असेल.

तर ऐका. घालीन. तुम्ही माझ्यासमोर उपाशी बसलात तर मी पुन्हा घालीन, तुम्हाला न विचारता, आणि पुन्हा लपवीन. हे चुकीचं आहे हे मला आता पूर्ण कळलंय, आणि तरीही.

तिकिटं अनुपनं काढली होती, ती मी आज कॅन्सल केली. हे पत्र कामावर जाताना टाकतेय. मावशी शिजवेल ते खा, तिच्यावर विश्वास ठेवा, ती तुम्हाला विचारल्याशिवाय मीठसुद्धा घालणार नाही. माझ्या हातचं खाऊ नका.

मित्रा